दोन वर्षांचं ग्रीन कार्ड संपत आलंय आणि घरात एकही कागद माझ्या नावाचा नाही

चिंचगूळ:

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, आधीच माफी.

आमचं लग्न डिसेंबर २०२२ मध्ये सांगलीला झालं. नवरा लहानपणापासून इकडेच, अमेरिकन नागरिक. त्याने लगेच जानेवारीत आय-१३०, म्हणजे बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज, भरला. मग दीड वर्ष नुसत्या ईमेल तपासण्यात गेलं. मुंबईला बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत झाली ती जेमतेम सहा मिनिटं. १४ ऑगस्ट २०२४ ला नेवार्कला उतरले. व्हिसावर सीआर-१ लिहिलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा कुणाला विचारला नाही. पुढे कार्ड घरी आलं तेव्हा नवरा म्हणाला, अगं, हे दोनच वर्षांचं आहे!

तर ते १४ ऑगस्ट २०२६ ला संपतंय. आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढायचा अर्ज, भरायचा, दोघांनी सह्या करायच्या आणि लग्न खरं असल्याचे पुरावे लावायचे, इथपर्यंत वाचलं. घोडं पुढे अडलंय. आम्ही सासू-सासऱ्यांबरोबर राहतो. घर सासऱ्यांच्या नावावर. वीज, गॅस, पाणी त्यांच्याच नावावर. इंटरनेट दिराच्या, कारण त्याला कधीकाळी विद्यार्थी सवलत मिळाली होती (दीर आता सत्तावीस वर्षांचा आहे). गाडी नवऱ्याच्या नावावर. किराणा सासूबाईंच्या कार्डावर, त्यांना पॉइंट्स मिळतात आणि त्यावर त्या कुणाला हात लावू देत नाहीत. दोघांचं मिळून बँक खातं गेल्या नोव्हेंबरात काढलं. त्यात पाचशे डॉलर टाकले, ते टाकले तसेच बसलेत. (टॅक्स एकत्र भरतो म्हणे, ते सासऱ्यांच्या ओळखीचे सीए बघतात. मी सही करते.)

काल ओट्यावर सगळी पत्रं पसरून बसले. माझ्या नावाची तीन निघाली. दातांच्या डॉक्टरांचं तपासणीचं कार्ड, वाचनालयाचं पत्र आणि एका क्रेडिट कार्डाची जाहिरात, तीही आडनाव चुकवून.

आणि नावाचा घोळ वेगळाच. पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, मधे वडिलांचं. बँकेत नवऱ्याने हौसेने मधे स्वतःचं नाव घालून सासरचं आडनाव लावलं. शिवाय लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं होतं, त्या नावाने सासरचे सगळे हाक मारतात. सासूबाईंच्या मैत्रिणीने भिशीच्या यादीत तेच घातलंय. म्हणजे मी एकटी आणि बायका तीन.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन यंदा दिवाळीनंतर आहे. पाच महिने जाऊन राहावं म्हणते. तेव्हा कार्ड संपलेलं असेल, मग परत येता येईल का? आणि नवरा म्हणतो तीन वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करून टाक. बाबा म्हणतात भारताचा पासपोर्ट सोडलास तर द्राक्षबाग तुझ्या नावावर कशी करू? दोघांनाही काय सांगू कळत नाही.

माजघर:

चिंचगूळ, तू आणखी चार महिने उशिरा विमानात बसली असतीस तर तुला हे विचारावंच लागलं नसतं. अमेरिकेत पाऊल टाकताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण असली की थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं. दोनच्या आत असेल तर तुझ्यासारखं सशर्त, तुझ्या व्हिसावरच्या सीआर-१ चा अर्थ तोच. १९८६ साली इथल्या काँग्रेसने खोट्या लग्नांना आळा घालायला हा नियम आणला आणि तेव्हापासून खरी लग्नंही त्यातून गाळून निघतायत. असो, आलीस ते बरंच केलंस.

आता टॅक्सचं. तू लिहितेस घरात एकही कागद नाही, आणि टॅक्स एकत्र भरतो हे कंसात! बाई गं, सगळ्यात वजनदार कागद तोच. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या, साइटवर खातं उघड आणि ट्रान्स्क्रिप्ट उतरवून घे, फुकट मिळतात. २०२४ चं आणि आता भरशील ते २०२५ चं. सीएंकडून आलेल्या प्रतीपेक्षा ट्रान्स्क्रिप्ट चांगलं, कारण ते सरकारचंच असतं. आणि सही करतेस ते एकदा वाचूनही बघ, म्हणजे पुढे मुलाखतीत विचारलं तर 'सासऱ्यांना माहीत' असं म्हणावं लागणार नाही.

माझी गोष्ट सांगते, कारण मी जी चूक केली त्याच रस्त्याला तू लागलीयेस असं दिसतंय.

माझा नवरा ओहायोचा. मी इथे शिकायला आले होते. लग्न २०१४ मध्ये कोल्हापुरात, रीतसर, अंतरपाट-अक्षता सगळं. कार्ड फेब्रुवारी २०१५ चं, दोन वर्षांचं. डिसेंबर २०१६ मध्ये आय-७५१ भरला आणि मला वाटलं, लग्न खरं आहे हे दाखवायचंय ना, मग फोटोंहून मोठा पुरावा कोणता? चौसष्ट फोटो लावले. प्रत्येकाखाली ओळ लिहिली. ही आत्या, ही मावशी, हा मामा, ही करवली. सोबत बँकेची चार महिन्यांची स्टेटमेंट, संपलं. घरभाड्याचा करार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होता, लग्नाआधीपासूनचा. तो बदलून घ्यावा हे सुचलंच नाही, कारण मालकीणबाई मला माझ्या नावाने हाक मारायच्या. मला ते पुरेसं वाटलं.

वर्षभराने जाडजूड पाकीट आलं, आणखी पुरावा पाठवा म्हणून. जवळजवळ तीन महिन्यांची मुदत. ती रात्र मला अजून आठवते. नवरा वाचता वाचता म्हणाला, 'यांना वाटतंय आपण खोटे आहोत.' माझा राग आधी त्या अधिकाऱ्यावर, मग नवऱ्यावर, मग चौसष्ट फोटोंवर. दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं तर त्या माणसाचं काय चुकलं होतं? त्याच्यापुढे एका समारंभाचे फोटो होते. समारंभानंतरची अडीच वर्षं कुठे होती? आम्ही ती जगलो होतो, पण कुठे उमटलीच नव्हती.

मग उमटवली. करारावर माझं नाव चढवलं. गाडीच्या विम्यात दोघं. त्याच्या ऑफिसच्या निवृत्ती खात्यावर वारस म्हणून मी, माझ्यावर तो. आरोग्य विम्याचं पत्र, ज्यात दोघांची नावं एकाखाली एक. फोनचा एकच प्लॅन. खात्यात पगार दोघांचे आणि खर्च रोजचे. हे महत्त्वाचं, कारण तुझे ते पाचशे डॉलर बसून राहिले तर ते खातं कशाचा पुरावा होणार? त्यातून दूध घे, पेट्रोल भर, सासूबाईंचे पॉइंट्स थोडे बुडू देत.

एकत्र कुटुंबाबद्दल घाबरू नकोस. भाडेकरार नसणं हा गुन्हा नाही. सासऱ्यांकडून नोटरी केलेलं पत्र घे: हे घर माझं, मुलगा आणि सून अमुक तारखेपासून इथे राहतात, भाडं घेत नाही. त्याला घरपट्टीची आणि विजेच्या बिलाची प्रत जोड. मग तुझं लायसन्स आणि नवऱ्याचं लायसन्स, दोन्हीवर तोच पत्ता. दोघांची बँकेची पत्रं त्याच पत्त्यावर. शिवाय तुम्हा दोघांना तुझं कार्ड झाल्यापासून ओळखणाऱ्या किमान दोघांची शपथपत्रं. त्यात 'फार गोड जोडपं आहे' असलं काही नको. आम्ही गणपतीला त्यांच्याकडे जेवायला जातो, तिने आमच्या मुलीला तीन महिने गणित शिकवलं, असं. दिराचं इंटरनेट तुझ्या नावावर करायला त्याची काय हरकत असणार, सत्तावीस वर्षांच्या विद्यार्थ्याची?

जे नव्याने करशील त्यावर आजची तारीख असू दे. मागची तारीख टाकण्याचा मोह कुणी घालेल, त्याला दारातूनच परत पाठव.

आता तारखा. आय-७५१ कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांत भरायचा. त्याहून लवकर पाठवलास तर परत येतो. फी सध्या ७५० डॉलर आहे, आणि आम्ही चेक लावला होता तसा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२५ च्या शेवटापासून कागदी चेक घेणं बंद केलंय. कार्डाचा किंवा बँक खात्यातून वळतं करण्याचा फॉर्म सोबत लावायचा. अर्ज पोचला की पावती येते आणि तीच पावती तुझं कार्ड ४८ महिन्यांनी वाढवते. आमच्या वेळी एकाच वर्षाने वाढायचं, मग पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला खेटे घालायचे. तेव्हा दिवाळीनंतर जाताना संपलेलं कार्ड आणि ती पावती, मूळ प्रत, दोन्ही हातातल्या पिशवीत. मुंबईच्या काउंटरवरची मुलगी कदाचित कार्डाची तारीख बघून थबकेल. पावतीतली ती ओळ आधीच अधोरेखित करून ठेव. पाच महिने चालतील, पण सहाच्या पुढे एक दिवसही नको. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वाच्या अर्जात 'वास्तव्य तुटलं' असं धरतात आणि ते तुटलं नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. तुझ्या तीन वर्षांपैकी निदान १८ महिने देहाने इथे असणंही लागतं. आईला पाच महिने लागले तर पाचच राहा, नाहीतर दोन खेपा कर.

नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००. तीन वर्षं सशर्त कार्डाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि इथेही ९० दिवस आधी भरता येतो. आय-७५१ चा निकाल लागला नसला तरी भर. मी तेच केलं. मग दोन्हींची मुलाखत एकाच दिवशी झाली, २०१८ च्या उन्हाळ्यात.

त्या मुलाखतीचं सांगते आणि थांबते. बाई वयस्कर होत्या, चष्मा साखळीला. नागरिकशास्त्राचे प्रश्न झाले. तेव्हा दहा विचारायचे, सहा बरोबर आले की थांबायच्या. तुला नवीन परीक्षा लागेल: १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० विचारतात, १२ यायला हवेत. अवघड नाही, रोज भांडी घासताना दहा ऐक. मग त्यांनी दुसरी फाइल उघडली, माझ्या चौसष्टांतला एक फोटो काढला आणि नवऱ्याला विचारलं, 'लग्न चाललंय आणि मधे पडदा का?'

अंतरपाट. नवऱ्याला तो शब्द चार वर्षांत नीट म्हणता आला नव्हता. तो म्हणाला, 'मंत्र संपेपर्यंत एकमेकांना बघायचं नसतं. मला भटजींचं काहीच कळत नव्हतं, म्हणून मी पडद्याखाली दिसणारे तिचे पाय बघत होतो. उजव्या अंगठ्याचं नेलपॉलिश उडालेलं होतं.' बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'आदल्या रात्री उंबऱ्याला ठेच लागली होती.' त्यांनी काहीतरी लिहिलं आणि फोटो परत ठेवला.

तर फोटो अगदीच वाया जात नाहीत. पण आधी वीज बिल.

दोडका:

माजघर यांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त खड्डा दाखवतो, कारण मी स्वतः त्यात पडलोय.

तीन वर्षांचा नियम तेव्हाच, जेव्हा जोडीदार त्या तिन्ही वर्षांत नागरिक होता आणि तिन्ही वर्षं तुम्ही एकत्र नांदत होता. आमच्याकडे बायकोने नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा माझं ग्रीन कार्ड दीड वर्ष जुनं होतं. मी हुशारीने कार्डापासून तीन मोजली. मोजायची होती तिच्या शपथेपासून. फी गेली. (फीवरून आठवलं, एन-४०० ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. ऑनलाइन भरा.)

दुसऱ्यांदा मोजणी बरोबर होती, तर मला नोकरी लागली दुसऱ्या राज्यात. शुक्रवारी रात्री घरी, रविवारी संध्याकाळी परत. आमच्या दृष्टीने संसार अगदी जोरात चालू, उलट भांडणं कमी झाली. वकीलबाई म्हणाल्या, 'नांदणं' म्हणजे एका छपराखाली. समजावून सांगता येईल, पण तुमच्या पाच वर्षांना आता सातच महिने उरलेत, कशाला ओढवून घेता? पाच वर्षांच्या नियमात बायको कोण, कुठे, काही दाखवावं लागत नाही. थांबलो. चिंचगूळ, तुमचे मिस्टर नागरिक आहेत आणि सगळे एकाच घरात, एकाच फ्रिजवर भांडताय, तुम्हाला ही अडचण नाही. पण त्यांना मधेच कॅलिफोर्नियातली नोकरी खुणावत असेल तर आधी कॅलेंडर बघा.

आणि एक. लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. काउंटरवरचा माणूस घाईत विचारतो, आपण घाईत हो म्हणतो. नाही म्हणा. नागरिक नसताना नोंदणी झाली तर पुढचा सगळा रस्ता बंद होऊ शकतो. माझ्या ओळखीतल्या एकाची रात्रीची झोप गेलीय यात.

सातबारा:

आपल्या वडिलांच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. मी तासगावकडचा, इकडे येऊन तीस वर्षं झाली. बागेच्या बाबतीत जो गोंधळ आपल्या वडिलांचा आहे तोच माझ्या वडिलांचा होता, तेव्हा अनुभवाचे बोल आहेत.

पहिली गोष्ट, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपण स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. त्यानंतर जुना पासपोर्ट वापरून प्रवास केला तर दंड. तो जमा करायचा, त्यागाचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) अर्ज. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, नावात सिटिझन असलं तरी. आयुष्यभराचा व्हिसा समजा. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, सरकारी नोकरी नाही.

आता बाग. वडिलांना वाटतं की मुलगी अमेरिकन झाली म्हणून जमीन देता येणार नाही. वस्तुस्थिती अशी की बक्षीसपत्राने शेतजमीन आपल्याला आजही देता येत नाही! भारतीय पासपोर्ट असला तरी आपण परदेशात राहता, म्हणजे एनआरआय. एनआरआय असो वा ओसीआय, शेतजमीन, फार्महाउस, मळा यांतलं काहीही विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. पासपोर्ट अमेरिकन झाल्याने यात काडीचाही फरक पडत नाही. वारसाहक्काने मात्र दोघांनाही मिळते. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

तेव्हा वडिलांना सांगा, बक्षीसपत्राच्या नादी लागू नका, इच्छापत्र करा, रजिस्टर करा, आणि त्यात मुलीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. आमच्या वडिलांनी मला घरात 'बंडू' म्हणत तसंच इच्छापत्रात कंसात घातलं. तलाठ्यासमोर मी बंडू आहे हे सिद्ध करायला मला दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या.

निनावी:

मूळ प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण इथे आणखी कुणी वाचत असेल तर.

आय-७५१ वर नवऱ्याची सही लागते हे मलाही माहीत होतं. घरात ते मला रोज ऐकवलं जायचं. 'सही केली नाही तर परत जाशील.' दीड वर्ष मी ते खरं धरून चालले. ते खरं नव्हतं. लग्न खरं होतं पण मोडलं, किंवा घरात मारहाण, छळ होता, तर तोच अर्ज एकटीने भरता येतो. त्याला ९० दिवसांची अट नाही, कार्ड संपण्याची वाट बघावी लागत नाही. मी भरला. पुरावे तेच लागले जे वर लिहिलेत, एकत्र राहिल्याचे, शिवाय नंतर काय झालं त्याचे. पोलिसांचा रिपोर्ट माझ्याकडे नव्हता. डॉक्टरांची नोंद होती आणि शेजारच्या काकूंचं शपथपत्र, त्यांनी दोन वेळा रात्री दार उघडलं होतं. तेवढं पुरलं.

आणखी एक. आय-८६४ वर, म्हणजे बायकोला बोलावताना नवरा भरतो त्या हमीपत्रावर, त्याने जी आर्थिक जबाबदारी घेतलेली असते ती घटस्फोटाने संपत नाही. हेही मला खूप उशिरा कळलं.

स्वतःचा पासपोर्ट, कार्ड, पावत्या यांचे फोटो काढून अशा ईमेलवर ठेवा ज्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे आहे. सगळं सुरळीत असलं तरी ठेवा.

चिंचगूळ:

निनावी, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. फोटो काढून ठेवले आज.

माजघर ताई, तुमच्या नवऱ्याचं नेलपॉलिश माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याला विचारलं, तुला आपल्या अंतरपाटाचं काय आठवतं? म्हणे ड्रोनवाल्याचा आवाज. कठीण आहे.

इन्शुरन्सचं पत्र सापडलं, त्यात मी आहे. टॅक्सची दोन्ही वर्षं एकत्र आहेत. इंटरनेट माझ्या नावावर झालं, दीर रडला नाही. सासऱ्यांना पत्राचं सांगितलं तर त्यांना आधी वाईटच वाटलं, 'आपल्या सुनेला घरात राहते म्हणून लिहून द्यायचं?' मग रात्री स्वतःच टाइप करून आणलं, दोन पानं. त्यात माझ्या हातच्या थालीपीठाचाही उल्लेख आहे. तो काढायला सांगू का?

सातबारा काका, बाबांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, हे तलाठ्याने कसं नाही सांगितलं. वकिलांकडे जाणार आहेत.

नावाचं राहिलंच. तीन बायकांचं काय करू?

माजघर:

थालीपीठ राहू दे. ते वाचणाऱ्या माणसाला दिवसाला शंभर फाइली बघायच्या असतात, एक तरी वेगळी निघेल. फक्त पत्र एका पानात बसव.

नावाचं. तुझा पासपोर्ट, ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी तिन्हींवर माहेरचं नाव आहे ना? मग सध्या तेच एक धर आणि बँकेला सांगून खातं त्या नावावर आणून घे. वर्षभरात नाव बदलून पुन्हा सगळीकडे बदलत फिरण्यात अर्थ नाही. आय-७५१ मध्ये 'वापरलेली इतर नावं' अशी जागा आहे, तिथे बँकेतलं नाव लिही आणि तांदळातलंही लिही. शपथपत्रं देणारे तुला ज्या नावाने ओळखतात ते नाव त्या यादीत असलंच पाहिजे. नाहीतर भिशीवाल्या काकू वेगळ्याच बाईची ग्वाही देतायत असं दिसेल. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोड. त्यावर भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण व अचूक आहे' असं लिहून सही करायची. तू स्वतः किंवा नवऱ्याने करू नका, तिसरं कुणी असलेलं बरं.

कायमचं बदलायचंच असेल तर एन-४०० मध्ये विचारतात. कोर्टात शपथ घेण्याचा कार्यक्रम असेल तर तिथेच नाव बदलून मिळतं, वेगळा खटाटोप नाही. मी तिथे विचार केला होता. मधलं नाव काय ठेवायचं, वडिलांचं की नवऱ्याचं? शेवटी वडिलांचंच ठेवलं. इथल्या लोकांना ते माझंच दुसरं नाव वाटतं. दवाखान्यात एकदा नर्सने मला सरळ 'दत्तात्रय' म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली.

तारखा मोजल्यास का? महिने मोजू नकोस, दिवस मोज. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत.

चिंचगूळ:

मोजल्या. आय-७५१ साठी यंदा १६ मे. एन-४०० साठी पुढच्या वर्षीही बरोबर १६ मे. दोनदा मोजून बघितलं.

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल गोल केलाय. सकाळी सासूबाई चहा गाळता गाळता विचारत होत्या, कुणाचा वाढदिवस आहे गं?